किट नको, आधी मेन स्विच दाखवा

पावसाळा आला की व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपत्कालीन किट'च्या याद्या फिरायला लागतात. टॉर्च, शिट्टी, दोरी, सुका खाऊ. घ्या की, कोण नको म्हणतंय! पण माझं मत विचाराल तर आपल्या घरांत वस्तू कमी नाहीत, माहिती एकाच डोक्यात असते ही खरी पंचाईत आहे. मेन स्विच बाबांना माहीत, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते आईला, मेडिक्लेमची फाइल दादाला. आणि वेळ येते तेव्हा नेमका तोच माणूस परगावी असतो.

गॅसचंच घ्या. वास आला की बहुतेकांचा हात आधी एक्झॉस्ट फॅनकडे जातो. तेच करायचं नाही. विजेचं कुठलंच बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्हीत पडते. गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग फोन करा. सिलिंडर असेल तर १९०६.

आता पुण्यात बऱ्याच घरांत पाइपचा गॅस आलाय, त्याची तऱ्हा वेगळी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत पसरतो. पाइपचा हलका, तो छताकडे जातो. शिवाय इथे सिलिंडरवरचा रेग्युलेटर नसतो, कॉक असतो. दांडी पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. आमच्याकडे आठवीतल्या भाचीलाही तो फिरवून दाखवलाय. सासूबाईंनी तर लगेच करून बघितला आणि "एवढंच होय!" म्हणाल्या. एवढंच आहे खरं, पण किती घरांत कुणी दाखवलंय?

पुराचं पुणेकरांना वेगळं सांगायला नको. १९६१ ला पानशेत धरण फुटलं ते घरोघरी ऐकलेलं असतं. तरी २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांची तारांबळ उडालीच. त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना शॉक लागून तीन तरुण गेले. म्हणून नदीकाठी राहणाऱ्यांना माझं सांगणं: खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की तेव्हाच गाडी वरच्या रस्त्याला नेऊन लावा. पार्किंगमध्ये पाणी आल्यावर स्कूटर काढायला उतरू नका. विजेचे मीटर बहुतेक तिथेच असतात. लिफ्टही विसरा. स्कूटर परत घेता येते हो.

प्रवासाचं थोडक्यात. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे महाभाग अजून आहेत. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार काय करतो हे रोजच्या पेपरात येतं, तरीही! खालचा गिअर टाका, इंजिनाला गाडी धरू द्या. एक्स्प्रेसवेवर गाडी बंद पडली तर गाडीत बसून राहू नका. पार्किंग लाइट लावून सगळ्यांनी डावीकडून उतरायचं आणि रेलिंगपलीकडे उभं राहायचं, आजीलासुद्धा हात धरून.

ताम्हिणीत किंवा लोणावळ्यात ओढ्यात उतरला असाल आणि पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, तर वर जोराचा पाऊस झालाय असं समजा. फोटो राहू दे, आधी काठावर या. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी.

आणि मुलांना निदान दोन नंबर तोंडपाठ हवेत. पाढे पाठ करून घेतो, मग आईचा मोबाइल का नाही? ११२ आहेच, पण गर्दीत चुकलेल्या मुलाचा फोन बंद पडला असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या फोनवरून कुठला नंबर लावणार?

हे झालं घरातलं. सोसायटीचं काय बोलावं! जिन्यात चपलांचे रॅक, कुंड्या, कुणाच्या तरी नातवाची सायकल. आग लागली की ह्याच जिन्यातून, धुरात, भिंत चाचपत उतरायचंय. गच्चीला कुलूप आणि किल्ली चेअरमनसाहेबांकडे, जे वर्षातले काही महिने मुलाकडे असतात. येत्या मीटिंगच्या अजेंड्यावर पार्किंगचे पट्टे आणि गणपतीची वर्गणी आहे. किल्लीचा मुद्दा मी 'आयत्या वेळचे विषय'मध्ये काढणार आहे. आमच्या सोसायटीतले जे कुणी हे वाचत असतील त्यांनी निदान तेव्हा चहाला उठू नये.