पाळीच्या पायथ्याचं गढूळ पाणी

माझ्या खिडकीत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या आहेत. एक गेल्या मंगळवारी भरली, दुसरी परवा. जागा एकच, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या तलावाच्या पाळीचा, म्हणजे मातीच्या बांधाचा पायथा, विमोचकापासून (तलावातलं पाणी सोडायच्या दारापासून) वीसेक पावलांवर. तिथे बेशरमाच्या झुडपांत दर पावसाळ्यात ओल धरते. मंगळवारचं पाणी नितळ आहे. परवाचं भरलं तेव्हा चहासारखं होतं. रात्रभर ठेवलं तर तळाशी नखाएवढा थर बसला. बोटावर घेऊन चोळला, काळा आणि चिकट. आजूबाजूला सगळा मुरूम, मग ही काळी माती आली कुठून? पाळीच्या पोटातून.

मातीची पाळ झिरपतेच. तिच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरुमाची भर असते, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर, आणि पाठीमागे पायथ्याशी निचऱ्याचे दगड. थोडं पाणी गाभ्यातून गाळून येतं आणि निचऱ्यातून निघून जातं. ते स्वच्छ असेल तोवर घाबरायचं कारण नाही. गढूळ झालं की समजावं, पाणी एकटं येत नाही, पाळीची माती घेऊन येतंय. आधी पायथ्याशी कण सुटतात, मग त्यामागचे, मग त्याच्याही मागचे. असं पोकळ होत होत भोक पाण्याच्या बाजूकडे सरकतं. एकदा ते तलावाला जाऊन भिडलं की हातात तास-दोन तासही राहत नाहीत. वरून पाळ तशीच हिरवीगार दिसत असते.

हा तलाव 72 च्या दुष्काळी कामावर झाला. नाल्याचा लोंढा थेट गावात शिरायचा, तो वर अडवावा आणि झिरपून खालच्या विहिरींना पाणी लागावं, असे दोन हेतू होते. माझ्या आईनं त्यावर टोपलं उचललं आहे. ती सांगते, "एक थर टाकला का पाणी शिंपाचं, धुम्मस माराची, मंग दुसरा थर. मुकादम टाच मारून पाहे. टाच रुतली का परत ठोका." पन्नास वर्षं पाळ उभी आहे ती त्या टाचेमुळे. त्यानंतर तिच्याकडे नीट पाहिलं कोणी?

आपण पाहिलं नाही. उलट तिला त्रासच दिला, आणि त्यात मी होतो हे आधी लिहितो. तीन वर्षांपूर्वी रब्बीला पाणी पुरेना म्हणून गावानं वर्गणी करून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर, गुडघाभर सिमेंटची भिंत बांधली. मी पाचशे रुपये दिले. तेव्हा कोणाला वाटलंही नाही की सांडव्याची पातळी आणि पाळीचा माथा यांत जी मोकळी जागा ठेवलेली असते, तीच तलावाचा जीव आहे. मोठा पाऊस आला की त्या जागेत पाणी चढतं आणि सांडव्यावाटे निघून जातं. आम्ही जागा खाल्ली आणि वाटही अडवली. मातीच्या पाळीवरून पाणी वाहायला लागलं की ती टिकत नाही. पाठीमागचा मुरूम घळी पडून सुटतो आणि पुढचं सगळं पाणीच ठरवतं.

यातली मूळ ओढाताण कोणी उघडपणे बोलत नाही. पुरासाठी बांधलेला तलाव जुलैत थोडा रिकामा हवा, लोंढा सामावून घ्यायला. आणि आपल्याला तर तो पोळ्याच्या आत तुडुंब हवा असतो, गहू-हरभऱ्यासाठी. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. माझंही वावर तलावाच्या खालीच आहे. पण गव्हाचं एक पाणी चुकलं तर उतारा घटतो. पाळ गेली तर नाल्याकाठची घरं जातात.

गाळाचंही तसंच. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 साली आली आणि ती चांगलीच आहे. आमच्या हलक्या जमिनीवर तो गाळ पडल्यावर पऱ्हाटी (कपाशी) कशी उभी राहिली, ते मी पाहिलं आहे. पण पोकलॅन पाळीच्या पायथ्यापर्यंत नेलं. पाळीलगतचा जुना गाळ पाणी थोपवून धरणाऱ्या गोधडीसारखा असतो, तो काढायचा नसतो. वर त्याच उन्हाळ्यात पांदणीसाठी पाळीच्या पाठीमागून काही ट्रॉल्या मुरूम नेला. ती खरवड अजून दिसते, आणि परवाची बाटली मी तिथून दहा पावलांवर भरली.

बाभळीही माजल्या आहेत. झाड तोडलं तरी मूळ आत कुजतं आणि पाण्याला नळी तयार मिळते. घुशी, उंदीर, खेकडे बिळं करतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिला पाऊस थेट भेगेत उतरतो. यातलं एकही अचानक होत नाही, सगळं महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर असतं. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसेक माणसं गेली. तेही मातीचंच होतं आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. 12 जुलै 1961 ला फुटलेलं पानशेतही मातीचं होतं, तिथे विमोचकाच्या बोगद्यापाशी भराव खचला होता. आणि पाणी गावात शिरलं की काय होतं, हे आपल्या विदर्भाला नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडनं दाखवलं आहे. 30 जुलै 1991, वर्धा नदीचा पूर, 204 माणसं. माझ्या वडिलांनी ती बातमी वाचून पेपर घडी करून कपाटात ठेवला होता. तो अजून आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक लहान तलावाला पावसाळ्याचे चार महिने राखणारा एक माणूस द्या. गावातला, पगारी, आणि ज्याच्या वहीला किंमत असेल असा. धरण सुरक्षा कायदा 2021 साली झाला, पण तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटरमधली काही अटींत बसली तरच. आमची पाळ जेमतेम 8 मीटर. म्हणजे आमच्यासारख्या तलावांना त्या कायद्याचा आधार नाही. कमी उंचीची पाळ कमी धोक्याची, हा हिशोब नाल्यापासून दीडशे पावलांवर झोपणाऱ्या माणसाला कसा लागू होईल?

शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे जलसंधारण खात्याकडे, मोठे जलसंपदा खात्याकडे. मी आमचा कागद घेऊन दोन कचेऱ्यांत गेलो. पहिल्या ठिकाणी "हा आमच्या यादीत नाही" म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी अर्ज ठेवून घेतला. तिथल्या तरुण इंजिनिअरवर माझा राग नाही. एका माणसाकडे इतके तलाव असतील तर तो वर्षातून एकदा पाळीच्या माथ्यावरून गाडी नेईल, आणखी काय करेल? गळती माथ्यावरून दिसत नाही. ती पहाटे पायथ्यानं चालताना, चप्पल ओली झाली की कळते. त्यासाठी रोज चालणारा माणूस लागतो. ओलीच्या जागी खुंटी ठोकून तारीख लिहिणारा, सांडव्यात अडकलेली झुडपं काढणारा, पाणी किती बोटं चढलं ते मोजणारा. त्याचा चार महिन्यांचा पगार एका पुराच्या पंचनाम्याला लागणाऱ्या चहापाण्यापेक्षा जास्त होणार नाही.

काल आम्ही सांडव्यावरची भिंत फोडली. सोपं गेलं नाही. शेजारचे काकाजी सब्बल धरून आडवे उभे राहिले. "मायावाला गहू कोन पेरून देईन? तू देशील काय?" त्यांचं चुकत नव्हतं, त्यांच्या घरात दुसरी कमाई नाही. मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी उन्हात धरून पाहिली, हलवली, पुन्हा पाहिली. नातू नाल्याकाठच्या अंगणवाडीत जातो त्यांचा. थोड्या वेळानं म्हणाले, "फोडा लेकहो." आणि पहिला घाव त्यांनीच घातला.

संध्याकाळपर्यंत पाणी हातभर उतरलं. विमोचकही थोडाच उघडला आहे. पाणी एकदम उतरवलं तर आतल्या अंगाची ओली माती घसरते. कोणीतरी गळतीत पोत्याचा बोळा कोंबायला निघालं होतं, त्याला थांबवलं. बोळा कोंबला तर पाणी दुसरीकडून फुटतं. त्या जागी आधी रेती, वर बारीक गिट्टी, वर मोठे दगड असं रचायचं, म्हणजे पाणी निघतं आणि माती मागे राहते. तेवढं आम्ही रात्री कंदिलावर केलं. हे तात्पुरतं आहे. इंजिनिअर साहेब उद्या येतो म्हणाले आहेत.

आज सकाळी तिथूनच तिसरी बाटली भरली. गढूळपणा कमी आहे, गेला नाही.

गावातल्यांसाठी: आज रात्री दोघादोघांच्या पाळ्या लावल्या आहेत, यादी पारावर चिकटवली आहे. पाळीवरून बॅटरी तीनदा हलली की देवळातली घंटा वाजेल. घंटा वाजली की सामान भरत बसू नका, ढोरं सोडा आणि शाळेच्या टेकडीकडे निघा. नाल्याकाठच्या घरांचे फोन नंबर लिहून घेतले आहेत. तीन घरांत फोन नाही. त्यातल्या दोघांकडे पोरं जाऊन आली. शेवटच्या घरातल्या मोठ्या आईला ऐकू येत नाही, आज रात्री ती आमच्याकडे झोपायला येणार आहे.