उणे एकवर मोडलेलं मनगट

"यंदा थंडी कमी आहे, मग तक्रार कसली?" हे यापुढे माझ्यासमोर कुणी म्हणू नका. माझं डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे आणि ते उणे वीसमध्ये मोडलेलं नाही. त्या सकाळी तापमान होतं उणे एक.

मी कॅनडातल्या ओंटारियोत आले तेव्हा हिवाळा कडक होता, पण त्याचा भरवसा वाटायचा. पडलेला बर्फ पडून राहायचा, बुटाखाली करकर वाजायचा, पाय रुतायचा. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो. शून्याच्या जवळ आला की त्यावर पाण्याचा पातळ थर धरतो, आणि मग कुठलाही बूट टिकत नाही. आता जानेवारीतही दुपारी पाऊस आणि रात्री गोठण! प्लाऊ रस्त्यावरचा बर्फ लोटून फुटपाथच्या कडेला ढीग लावतो, दिवसा तो ढीग वितळून पाणी फुटपाथभर पसरतं आणि रात्रीत त्याची काच होते. खालचं काँक्रीट आरपार दिसतं, म्हणून नुसतं ओलं वाटतं. मुलाला शाळेत सोडायला निघाले होते, त्याचा हात माझ्या हातात होता. त्याला काही झालं नाही हे नशीब, नाहीतर मी आज लिहीत बसले नसते, पालिकेच्या दारात उभी असते.

बर्फ वितळावा म्हणून मीठ मारतात म्हणे. अहो, एका पावसात ते वाहून जातं! आणि रात्री पारा उणे दहाच्या खाली घसरला की साधं मीठ जवळजवळ निकामी. वाहून गेलेलं ओढ्यांत, तळ्यांत साठतं. कॅनडा सरकारच्याच तपासणीने 2001 मध्ये या मिठाला पर्यावरणाला घातक ठरवलंय, तरी तेच एक औषध.

कायदा तर ऐकाच. इथे फुटपाथवरच्या बर्फावर पडलात, तर घोर निष्काळजीपणा सिद्ध केल्याशिवाय पालिका जबाबदार नाही. शिवाय लेखी नोटीस 10 दिवसांत द्यायची. हात मोडलेल्या माणसाने!

2022-23 च्या हिवाळ्यात ऑटावाचा रिडो कालवा एक दिवसही स्केटिंगला उघडला नाही, 1970-71 मध्ये तिथे स्केटिंग सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. केवढी हळहळ झाली! व्हायलाच हवी होती. पण त्याच उबदार हिवाळ्यात फुटपाथवर पडणाऱ्यांसाठी कोण हळहळलं? शेजारच्या काकू सत्तरीच्या. डिसेंबरपासून भाजी आणायलासुद्धा बाहेर पडलेल्या नाहीत, कारण गाडी त्यांना चालवता येत नाही आणि चालण्याची हिंमत उरलेली नाही.

किती सेंटीमीटर बर्फ पडला हे मोजून यंत्रं बाहेर काढायचे दिवस गेले. पाणी कधी गोठणार ते बघा. ढीग फुटपाथच्या कडेला लावू नका, उचलून न्या. पहाटे शाळेच्या वाटेवर वाळू टाका, गाड्यांच्या रस्त्याआधी.