डिकीतली बाटली आणि चालकाचा श्वास

यात्रांचा हंगाम आला की मला रात्रीच्या रस्त्यांची धास्ती वाटते. खानापूरकडे म्हणा, चंदगडकडे म्हणा, मटणाचं जेवण उरकून 'थोडीशीच घेतलीय' म्हणत माणूस गाडीला किक मारतो. मागे बायको, पुढे टाकीवर लेकरू. म्हणून आज श्वासातली दारू मोजणारं यंत्र करणाऱ्या एका पोलिसाबद्दल लिहितोय.

रॉबर्ट बोरकेनस्टाइन. जन्म 1912, अमेरिकेतल्या इंडियानाचा. कॉलेजची पदवी नव्हती, फोटोच्या कामातला कारागीर. 1936 च्या सुमाराला राज्य पोलिसांच्या प्रयोगशाळेत लागला आणि कॅप्टन झाला. त्याआधी हार्गर नावाच्या प्राध्यापकांचं असंच एक यंत्र होतं, पण त्यात आधी फुगा फुगवावा लागे आणि ते सांभाळणं जिकिरीचं. बोरकेनस्टाइननं 1954 मध्ये ब्रेथलायझर नावाचं आपलं यंत्र केलं. फुंकरीतला शेवटचा, फुफ्फुसाच्या तळातला ठरावीक श्वास काचेच्या कुपीतल्या पिवळ्या द्रावणातून जायचा. पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल. दारू असेल तर पिवळा रंग फिका पडत हिरवट होत जाई. किती फिका पडला हे डोळ्यांनी नाही, प्रकाश पाडून मोजायचं. फोटोवाल्याचं डोकं इथे कामी आलं, असं मला वाटतं.

पुढे 1958 मध्ये पोलिसातून बाहेर पडून तो इंडियाना विद्यापीठात विभागप्रमुख झाला. ग्रँड रॅपिड्स शहरात अपघात झालेले आणि न झालेले चालक तपासून, रक्तात दारू वाढते तसा अपघाताचा धोका कसा चढत जातो, हेही त्यानं 1964 मध्ये दाखवून दिलं.

मला या माणसाचं मोठेपण वाटतं ते असं की, त्याचं यंत्र न प्यालेल्यालाही वाचवतं. नाहीतर तोंडाचा वास, लाल डोळे, झोकांड्या यांवरच सगळा निकाल. रात्रभर जागलेला ड्रायव्हर अडकायचा आणि वशिल्याचा सुटायचा. यंत्राचा काटा आडनाव बघत नाही.

आपल्याकडे काय चालतं? गोव्याकडून आलेल्या गाडीची डिकी उघडून बाटल्या शोधतात, चालवणाऱ्याच्या श्वासाचं फारसं कुणी विचारत नाही. डिकीतल्या बाटलीनं कुणी मरत नाही हो! महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे काय, पलीकडे काय, कायदा एकच: मोटार वाहन कायद्याचं कलम 185, शंभर मिलीलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

यात्रेच्या रात्री गावाच्या वेशीवरच यंत्र घेऊन उभं राहा. प्रत्येकाला नवी नळी द्या, आणि आकडा त्याला स्वतःला बघू द्या.