खुलासा : हेंड्रिक्सला मंकीजच्या दौऱ्यातून हाकललं नव्हतं

'1967 मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्स द मंकीज या पॉप बँडच्या आधी सलामीला वाजवायचा. त्याचे मंचावरचे चाळे पाहून डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन या महिला संघटनेने तक्रार केली आणि त्याला हाकललं,' असा मजकूर फिरतो आहे. सलामीचा भाग खरा, तक्रारीचा बनावट.

ती तक्रार कधी झालीच नाही. हेंड्रिक्सचा व्यवस्थापक चॅस चँडलर याला दौरा सोडण्याचं प्रसिद्धीजोगं कारण हवं होतं, आणि ऑस्ट्रेलियन पत्रकार लिलियन रॉक्सन हिने ही थाप रचली. होती विनोदासाठी, पण वर्तमानपत्रांनी ती खरी मानून छापली.

हेंड्रिक्स 8 जुलैला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला दौऱ्यात सामील झाला आणि न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सनंतर, 16 जुलैला, बाहेर पडला. म्हणजे जेमतेम नऊ दिवस. त्याला बोलवावं ही मंकीजच्याच मंडळींची इच्छा; त्यांच्यातला मिकी डोलेन्झ त्याच्यावर बेहद्द खूश होता. घोळ श्रोत्यांचा होता. समोर बहुतेक शाळकरी मुली, त्यांना हवा होता मंकीजचा गायक डेव्ही जोन्स. त्याच्या नावाच्या आरोळ्यांत हेंड्रिक्सची गिटार बुडायची. त्याने सुटका मागितली, ती भांडण न होता मिळाली.

म्हणून 'त्याच दौऱ्यात ऑगस्टमध्ये मी त्याला ऐकलं' असं कुणी सांगितलं, तर आधी तिकिटावरची तारीख बघा. नुसत्या जाहिरातीवर भिस्त नको; ती आधीच छापून झालेली असते, सलामीचा कलाकार मात्र मध्येच बदलतो.