पॉइंटांचे तास करावेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘स्टोरी पॉइंट ही तारीख टाळण्याची पळवाट आहे, एका पॉइंटाचे आठ तास धरून सरळ हिशोब मांडावा’, हा आपला आक्षेप मी दोनदा वाचला. (स्टोरी पॉइंट म्हणजे सॉफ्टवेअरचे एखादे काम इतर कामांच्या तुलनेत किती मोठे, हे सांगणारा आकडा.) ग्राहकाला तारीख द्यायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. ती कशावरून काढायची, एवढाच आपला मतभेद आहे.

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या सुरुवातीच्या काळात अंदाज दिवसांतच दिले जात, पण ते व्यत्यय नसलेल्या ‘आदर्श’ दिवसांत. असा एक दिवस पुरा व्हायला प्रत्यक्षात सुमारे तीन दिवस लागत आणि ‘एका दिवसाच्या कामाला तीन दिवस कसे?’ हा प्रश्न वारंवार येई. त्या गोंधळातूनच दिवस जाऊन पॉइंट आले. तेव्हा पॉइंटांचे पुन्हा तास केले, की तोच वाद परत दारात उभा राहतो.

मी पाहिलेल्या एका प्रकल्पात वरिष्ठांनी दोन टीमच्या व्हेलॉसिटीची, म्हणजे दर स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्याला) पूर्ण होणाऱ्या पॉइंटांची, तुलना सुरू केली आणि पासवर्ड बदलण्याच्या ज्या स्क्रीनला आधी ३ पॉइंट मिळत, तशाच स्क्रीनला पुढे ५ आणि मग ८ मिळू लागले. व्हेलॉसिटी २४ वरून ४० वर गेली, पण पूर्ण होणारी कामे दर स्प्रिंटला सातच राहिली. यात लबाडी नव्हती. ज्या आकड्यावरून आपले मोजमाप होणार, तो आकडा माणूस हात राखूनच सांगतो. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या रॉन जेफ्रीज यांनी, आपणच पॉइंट शोधून काढले असतील तर त्याचा आता खेद वाटतो, असे लिहिले आहे, आणि या गैरवापरापुरता आपला राग मला रास्त वाटतो.

तारीख मात्र पॉइंटांवरून निघते. समजा, मागच्या सहा स्प्रिंटमध्ये १८, ३०, २४, २१, ३१ आणि २६ पॉइंट पूर्ण झाले आणि १७४ उरले आहेत. सर्वांत कमी तिन्हींची सरासरी २१, सर्वांत जास्त तिन्हींची २९. म्हणजे सहा ते नऊ स्प्रिंट, दोन आठवड्यांच्या स्प्रिंटप्रमाणे १२ ते १८ आठवडे. ग्राहकाला मी हीच दोन टोके सांगतो आणि दर स्प्रिंटनंतर ती नव्याने काढतो. ‘९० टक्के झाले’ म्हणून टेस्टिंगमध्ये अडकलेले काम यात शून्य धरायचे, कारण लहान टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या ‘अजाइल’ विचाराच्या २००१ च्या जाहीरनाम्यानेही चालणारे सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप मानले आहे.

नव्या टीमपाशी असा इतिहास नसतो, हा आपला मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. तिथे पहिले दोन-तीन स्प्रिंट होईपर्यंत मी तारखेचा शब्द देत नाही.