लोणचं डावीकडेच बरं

(स्पॉयलर आहेत. सिनेमे वीस-तीस वर्षं जुने आहेत, त्यामुळे नंतर कमेंटमध्ये भांडायला येऊ नका.)

शनिवार-रविवार भाची राहायला आली होती. वय बावीस. "मावशी, तुमच्या वेळचा तो माणसं खाणारा डॉक्टर दाखव ना." म्हटलं, चल. शनिवारी दुपारी 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (तो डॉक्टर म्हणजे हॅनिबल लेक्टर, आणि खुन्याचा माग काढताना त्याला भेटायला जाणारी एफबीआयची शिकाऊ अधिकारी म्हणजे क्लॅरिस) आणि रात्री लगेच त्याचा पुढचा भाग 'हॅनिबल'. दुसरा सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा ती मोबाईलवरून मान वर करून म्हणाली, "पण क्लॅरिस कुठे गेली? हिला तळघरात का बसवून ठेवलंय?"

२००१ मध्ये 'हॅनिबल'वर इतकं लिहून आलं, पण माझ्या वाचनात तरी हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता.

तेव्हाचं वातावरण आठवतंय? पहिल्या सिनेमाने ऑस्करची पाचही मोठी बक्षिसं नेलेली: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, पटकथा. त्याआधी हे फक्त दोनदा घडलं होतं, १९३४ आणि १९७५ सालच्या सिनेमांच्या बाबतीत. दहा वर्षांनी पुढचा भाग आला, तोही रिडली स्कॉटचा. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ५ कोटी ८० लाख डॉलर जमले. समीक्षकांनी मात्र नाकं मुरडली. रॉजर ईबर्टनी चारपैकी अडीच तारे दिले, बाकीच्यांचा सूर साधारण असाच किंवा याहून कडू. मुख्य तक्रार किळसवाणेपणाची. रे लिओटाची कवटी उघडून त्याचाच मेंदू तव्यावर परतून त्यालाच भरवतात, तो प्रसंग. रानडुकरं. गॅरी ओल्डमनचा सोललेला चेहरा.

मला ही तक्रार तेव्हाही पटली नव्हती. पहिल्या सिनेमात लेक्टर एका पोलिसाच्या चेहऱ्याचं कातडं स्वतःच्या तोंडावर चढवून अँब्युलन्समधून पळतो, ते काय सात्त्विक होतं? रक्त तिथेही होतंच. (आणि पहिल्या सिनेमावर सगळेच खूश होते असंही नाही. समीक्षक जीन सिस्केलना तो आवडला नव्हता, आणि ऑस्करच्या रात्री बाहेर निदर्शनं चालू होती, कारण त्यातल्या खुन्याचं चित्रण समलिंगी आणि ट्रान्स लोकांची बदनामी करतं असा आक्षेप होता. तो आक्षेप मला आज जास्त कळतो. भाचीने तर दहाव्या मिनिटाला भुवई उंचावली.)

माझं म्हणणं वेगळं आहे. पहिला सिनेमा लेक्टरचा नाहीच. अँथनी हॉपकिन्स त्यात धरून अर्धा तासही दिसत नाही. सिनेमा क्लॅरिसचा आहे, आणि दिग्दर्शक जोनाथन डेमीने तो कॅमेऱ्यानेच तिच्या नावावर करून दिलाय. पुन्हा बघा: तिच्याशी बोलणारे पुरुष थेट लेन्समध्ये बघतात, म्हणजे आपल्याकडे. ती मात्र किंचित बाजूला बघते. म्हणजे त्या सगळ्या नजरा आपल्यालाही झेलाव्या लागतात. लिफ्टमध्ये लाल टीशर्टवाल्या आडदांड पोरांच्या मधे उभी असलेली जोडी फॉस्टर आठवा. प्रेताच्या खोलीत जमलेल्या गावच्या पोलिसांना ती ज्या हळू आवाजात बाहेर काढते, तो प्रसंग आठवा. नोकरीच्या पहिल्या वर्षी पुरुषांनी भरलेल्या ऑफिसात मी हाच आवाज काढायला शिकले होते. लेक्टरची भीती वाटते ती तिच्या शेजारी बसून वाटते म्हणून.

आमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर लेक्टर हे लोणचं. ताटात डावीकडे, बोटभर. 'हॅनिबल'ने त्याचा रस्सा करून वाटी भरून वाढलं.

त्यात लेक्टर फ्लॉरेन्समध्ये राहतो, दांतेवर व्याख्यान देतो, उंची साबण आणि सुगंध वापरतो. तो पात्सी नावाचा इन्स्पेक्टर, ज्याच्या पूर्वजाला मेदिची घराण्याविरुद्धच्या १४७८च्या कटानंतर पलाझ्झो वेक्कियो या तिथल्या राजवाड्यावरून फाशी दिली होती, त्यालाही लेक्टर तिथूनच लटकावतो. हा भाग देखणा आहे, मी नाकारत नाही. पण इथे आपण लेक्टरच्या बाजूने बसतो, आणि जे मरतात ते सगळे लोभी, उद्धट नाहीतर विकृत. मेले तर मेले. मग भीती कसली? या भागातली क्लॅरिस, ज्युलियन मूर, तोवर टेप ऐकत बसलेली. तिचा दोष नाही. डेमी, पटकथाकार टेड टॅली आणि फॉस्टर तिघेही या भागापासून लांब राहिले. 'हॅनिबल'च्या मूळ कादंबरीच्या शेवटी क्लॅरिस लेक्टरबरोबर निघून जाते, हे वाचलं असेल तर नवल वाटत नाही. सिनेमाने तो शेवट बदलला, एवढी तरी अक्कल दाखवली.

आणि आपण हसायचं कारण नाही. आपला हिंदी 'संघर्ष' १९९९चा, म्हणजे 'हॅनिबल'च्याही आधीचा, आणि साचा 'सायलेन्स'चाच. प्रीती झिंटा शिकाऊ सीबीआय अधिकारी, अक्षय कुमार तुरुंगातला हुशार प्रोफेसर. आपल्याकडे कैद्याला थेट हिरोच केला, प्रेमही करून दिलं. भीतीचं खातं सगळं खुनी झालेल्या आशुतोष राणाकडे, आणि त्या माणसाने ते एकट्याने ओढलं.

उलट १९८६चा 'मॅनहंटर' बघा. मायकल मानचा. ब्रायन कॉक्सचा लेक्टर पांढऱ्याफटक कोठडीत, मोजक्या प्रसंगांत. तेव्हा समीक्षक म्हणाले, नुसती स्टाईल, टीव्हीवरच्या 'मायामी व्हाइस'सारखी. तिकीटबारीवर अमेरिकेत जेमतेम ८६ लाख डॉलर. आज तेच लोक, किंवा त्यांचे चेले, त्याला डोक्यावर घेतात. हा ज्या कादंबरीवर बेतला होता तिच्यावरच २००२ मध्ये 'रेड ड्रॅगन' आला, छायाचित्रकारसुद्धा तोच, दान्ते स्पिनोत्ती. त्याला समीक्षकांनी बऱ्यापैकी वागवलं. मला तो नीट इस्त्री केलेल्या शर्टासारखा वाटतो. आणि त्यातही लेक्टर वाढवलेला, सुरुवातीला मैफल आणि मेजवानी खास त्याच्यासाठी जोडलेली. २००७चा 'हॅनिबल रायझिंग' तर सगळाच लेक्टर, त्याच्या बालपणापासून. समीक्षकांनी तुडवला. आम्ही चाळीस मिनिटांत बंद केला आणि भजी तळली.

माझ्या सिद्धान्तात एक भोक आहे, ते आधीच सांगते. २०२१ मध्ये 'क्लॅरिस' नावाची मालिका आली. हक्कांच्या भानगडीमुळे त्यात लेक्टरचं नावही घेता येत नव्हतं. एका सीझनमध्ये आटोपली. नुसत्या वरणभातावरही पंगत उठत नाही. आणि मॅड्स मिकेलसन लेक्टर झालेली 'हॅनिबल' ही मालिका तीन सीझन लेक्टरमय होती, समीक्षकांना प्रचंड आवडली. पण तिथे एफबीआयसाठी तपास करणारा विल ग्रॅहम होता, आपण त्याच्या डोक्यात बसून बघत होतो.

रविवारी रात्री 'रेड ड्रॅगन' संपत आला. शेवटी लेक्टरच्या कोठडीपाशी निरोप येतो की एफबीआयमधून कुणी तरुण बाई भेटायला आलीये. तो विचारतो, नाव काय तिचं?

भाची सोफ्यावरून ओरडली, "क्लॅरिस! मावशी, आता पुन्हा पहिला लाव."

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. लावला.