निवडुंगात पाण्याची टाकी नसते

ऊन तापलं की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: सोलापूरचं वाळवंट झालंय, अडीअडचणीला निवडुंग कापून त्यातलं पाणी प्यावं, उंट मदारीत पाणी साठवतो, वाळवंटातले प्राणी पाणी पीतच नाहीत, आणि गच्चीवर निवडुंग लावा, पाणी घालायची कटकट नाही. पाचातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही.

सोलापूरचं वाळवंट झालंय. वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला ढोबळमानाने वाळवंट म्हणतात. आपल्याकडे सरासरी 500 च्या वर पडतो; तो बेभरवशाचा आहे, ही तक्रार वेगळी. चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या काठावर अरिका शहर आहे, तिथली वर्षाची सरासरी 1 मिलिमीटरही भरत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान हे गवताळ रान आहे, मेलेली जमीन नव्हे.

निवडुंग कापा, पाणी प्या. हा सल्ला घातक आहे. बांधावर दिसतं ते सगळं आपण 'निवडुंग' म्हणतो, पण त्यात दोन वेगळी कुळं आहेत. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा, खरा कॅक्टस. त्रिधारी आणि शेर हे युफोर्बिया. ओळखायचं कसं? कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या छोट्या गादीतून निघतात. त्रिधारीला ती गादी नसते, काटे जोडीने येतात. युफोर्बियाला चीर दिली की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर प्रचंड आग होते, काही काळ दिसेनासंही होतं. लगेच पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि दवाखाना गाठा.

खऱ्या कॅक्टसमध्येही पाणी सुटं नसतं, बुळबुळीत गरात अडकलेलं असतं. बऱ्याच जातींच्या गरात ऑक्झॅलिक आम्ल आणि अल्कलॉइडं असतात. तहानलेल्या माणसाला उलट्या-जुलाब झाले, तर होतं तेवढं पाणीही गेलं.

उंटाची मदार म्हणजे पाण्याची पखाल. मदारीत चरबी असते. चरबी जळताना पाणी तयार होतं हे खरं, पण त्यासाठी जो जादा श्वास घ्यावा लागतो त्यात जवळपास तेवढंच उडून जातं. उंटाची करामत खर्च वाचवण्यात आहे. तो शरीराचं तापमान पहाटे 34 अंशांपर्यंत उतरू देतो, दुपारी 41 पर्यंत चढू देतो, म्हणजे घाम गाळावा लागत नाही. त्याच्या लंबगोल तांबड्या पेशी एकदम शंभर लिटर पाणी प्यायल्यावरही फुटत नाहीत.

वाळवंटी प्राणी पाणी पीत नाहीत. अमेरिकेतला कांगारू उंदीर खरोखर न पिता जगतो: दिवसभर बिळात, लघवी अतिशय दाट. पण कोरडं बी खाणाऱ्या पखुर्डी या पक्ष्याला पाणवठा गाठावाच लागतो. याच कुळातल्या आफ्रिकेतल्या नामाक्वा पखुर्डीचा नर तर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि ते पाणी दूरवरच्या पिल्लांना नेऊन पाजतो. पीतच नाही म्हणायचं, तर ही खटपट कशासाठी?

कुंडीतल्या निवडुंगाला पाणी नको. कुंडीतली झाडं दोन्ही बाजूंनी मरतात: काही पाण्याविना, काही जादा पाण्याने. निवडुंग दिवसा रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं, मिटतो, रात्री उघडतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो आम्लाच्या रूपात साठवतो. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइनने 1813 साली भारतातच नोंदवलं होतं, की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव. तीच ही युक्ती.

आता गोम अशी की रात्रही तापलेली असेल तर रंध्रं नीट उघडत नाहीत, वाढ थांबते. म्हणून मे महिन्यात खत देऊ नका आणि 'ऊन फार आहे' म्हणून रोज पाणीही घालू नका. काडी दोन इंच खुपसून बघा. कोरडी निघाली तर संध्याकाळी भरपूर घाला, भोकातून वाहीपर्यंत. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी पाळी येते. पावसाळ्यात कुंडी आडोशाला.

माती काळी नको, ती ओल धरून ठेवते. एक भाग साधी माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा.

सुरकुत्या पडून आक्रसलेला निवडुंग तहानलेला असतो, पाण्याने सुधारतो. बुडाशी पिवळट, मऊ पडलेला कुजलेला असतो. त्याला पाणी म्हणजे विष. तो निर्जंतुक सुरीने वर-वर कापत जा, काप स्वच्छ दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका राहिला तर कूज पुन्हा चढते. मग आठ-दहा दिवस सावलीत वाळवून कोरड्या वाळूत रोवा, आणि मूळ धरेपर्यंत पाण्याला हात लावू नका.

नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आणलेला निवडुंग थेट गच्चीच्या उन्हात ठेवला तर तोही भाजतो. पांढरट डाग पडतो, पुढे तो खडबडीत तपकिरी होतो आणि कायमचा राहतो. दोन-तीन आठवडे आधी फक्त सकाळचं ऊन द्या.